पासवर्ड विसरलेल्या जुन्या संगणकातून फायली परत मिळवणे

लॉगिनचा पासवर्ड आठवत नसताना संगणकाच्या हार्ड डिस्कवरील मजकूर, छायाचित्रे आणि इतर फायली बाहेर काढण्याची प्रक्रिया. विंडोज एक्सपी (२००१) किंवा विंडोज ७ (२००९) असलेल्या, वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या घरगुती संगणकांवर ही अडचण हमखास येते, आणि सुदैवाने तिथे ती बहुतेक वेळा सुटतेही.

लॉगिनचा पासवर्ड फक्त विंडोजच्या दारावर असतो. डिस्कवरचा मजकूर त्याने बदलत नाही. कोणती फाइल कोणी वाचावी याच्या नोंदी एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत असतात, पण त्या पाळायला लावण्याचे काम चालू असलेली विंडोज करते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू केली, की त्या नोंदी कोणालाच अडवत नाहीत. म्हणून पासवर्ड शोधत बसण्यापेक्षा आधी फायली उतरवून घ्याव्यात. फार जुने संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, तिथे सीडी लागते. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडणे. अ‍ॅडॅप्टर घेताना डिस्क साटा आहे की जुनी, रुंद पट्टीच्या केबलची आयडीई, हे पाहून घ्यावे लागते. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती वारंवार चालू करू नये. जाणकाराकडून आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढून घ्यावी आणि पुढचे काम त्या प्रतीवर करावे.

एक्सपीमध्ये फायली ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात, वापरणाऱ्याच्या नावाखाली सापडतात. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘यूजर्स’मध्ये. आउटलुक या ईमेल प्रोग्रामची पत्रे मात्र बऱ्याचदा तिथल्याच एका लपवलेल्या फोल्डरात पीएसटी फाइलमध्ये असतात, आणि घाईत नेमकी तीच मागे राहते.

फायली सांकेतिक रूपात साठवल्या असतील, तर सगळे गणित बदलते. विंडोज २००० पासून आलेल्या ईएफएस सुविधेने जपलेल्या फायलींची नावे एक्सपीत हिरव्या अक्षरांत दिसतात. त्यांची किल्ली पासवर्डशी बांधलेली असते. बाहेरच्या साधनाने पासवर्ड पुसला तर लॉगिन होते, पण या फायली उघडत नाहीत. किल्लीची वेगळी प्रत ठेवलेली नसेल, तर इथे मूळ पासवर्डच शोधावा लागतो. एक्सपीत तो बऱ्याचदा सापडतो, कारण चौदा अक्षरांपर्यंतचा पासवर्ड ती एलएम पद्धतीनेही साठवते: सगळी अक्षरे कॅपिटल करून, सात-सात अक्षरांचे दोन स्वतंत्र तुकडे पाडून. सात अक्षरांचा तुकडा आजचा संगणक सहज शोधतो. व्हिस्टाने ही साठवण मुळातच बंद ठेवली. विंडोजच्याच बिटलॉकर सुविधेने पूर्ण डिस्क सांकेतिक केलेली असेल, तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की यांवाचून काहीही हाती लागत नाही. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा जुन्या कागदांत शोधावी. मॅकवरच्या फाइलव्हॉल्ट या तशाच सुविधेचेही तसेच आहे.

संगणक आपला नसेल तर मालकाची परवानगी हवीच. भारतात विनापरवानगी असे करणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येते.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वी पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशा प्रणालींत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशी फाइल सुखरूप मिळाली तरी फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि मजकूर खराब झाला असे समजून लोक ती पुसून टाकतात. घरातली वंशावळ, संस्थेची इतिवृत्ते, स्मरणिकांचे पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममधले मूळ मजकूर असेच गेले तर ती खरी हानी. त्यामुळे ‘विंडोज’मधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर न विसरता उतरवून घ्यावा. प्रत्येक प्रणालीत अक्षरांची मांडणी वेगळी असल्याने, पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करतानाही मूळ फॉन्ट कोणता, हे ठाऊक असावे लागते.