तीनशे ओहमचा हेडफोन सोपा, पन्नासचा अवघड

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, एक ओहममध्ये आणि दुसरा डेसिबलमध्ये. वेगळा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचा की नाही, हे बहुतेक जण पहिल्या आकड्यावरून ठरवून मोकळे होतात. ३२ ओहम असेल तर फोनवर चालेल, ३०० असेल तर ॲम्प लागणारच. हा ठोकताळा अनेकदा बरोबर येतो, म्हणून तर तो टिकलाय. पण चुकतो तेव्हा पैसे भलत्याच ठिकाणी जातात.

ओहम म्हणजे इम्पीडन्स. ठरावीक व्होल्टेजला हेडफोन ॲम्पमधून किती करंट ओढेल, एवढंच त्यातून कळतं. ओहम जास्त, तर करंट कमी. डेसिबलचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. मिळालेल्या विजेतून हेडफोन किती मोठा आवाज काढतो, हे ती सांगते. म्हणजे हेडफोनला किती ताकद लागेल ते डेसिबल ठरवतात, आणि ती ताकद व्होल्टेजच्या रूपात हवी की करंटच्या, ते ओहम.

आता सेनहायझरचा एचडी ६५० आणि हायफायमॅनचा एचई-६ शेजारीशेजारी ठेवू. पहिला ३०० ओहमचा, एका व्होल्टला १०३ डेसिबल देणारा. दुसरा प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडदा चुंबकांमध्ये हलवून आवाज काढणारा, ५० ओहमचा, एका मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. संगीतातली क्षणिक शिखरं ११० डेसिबलपर्यंत जाऊ द्यायची असं धरू. (हा क्षणभराचा आकडा आहे, तासन्‌तास ऐकायचा नव्हे, कान एकदा गेले की गेले.) एचडी ६५० ला त्यासाठी साधारण २.२ व्होल्ट, साडेसात मिलिॲम्पिअर आणि जेमतेम १७ मिलिवॅट लागतात. एचई-६ ला ४.७ व्होल्ट, ९५ मिलिॲम्पिअर आणि जवळजवळ ४५० मिलिवॅट. ओहम सहापटीने कमी, आणि ताकद सव्वीस-सत्तावीसपट जास्त! एचई-६ चे शौकीन तो थेट स्पीकरच्या ॲम्पला जोडतात, ते काही उगाच नाही.

मग ओहमचा ठोकताळा आला कुठून? बेयरडायनॅमिकचा डीटी ८८० बघा. हा एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहमच्या आवृत्त्यांत मिळत आला आहे, आणि सेन्सिटिव्हिटी तिन्हींची तीच, मिलिवॅटला ९६ डेसिबल. ११० पर्यंत जायला तिन्हींना लागतात तेच २५ मिलिवॅट. पण ३२ ओहमवाल्याचं काम ०.९ व्होल्टमध्ये भागतं आणि ६०० ओहमवाल्याला ३.९ व्होल्ट लागतात. फोनला हेडफोन जोडायचा ॲपलचा छोटा टाइप-सी डोंगल फार तर एक व्होल्ट देतो, युरोपात विकला जाणारा तर त्याच्या निम्माच. तेव्हा इथे ओहम बघून घेतलेला निर्णय अगदी बरोबर ठरतो. बाकी सगळं सारखं असलं की ओहम बोलतात. दोन वेगळ्या हेडफोनांत बाकी सगळं सारखं क्वचितच असतं.

आणखी एक खोच आहे आणि तिथे भलेभले फसतात. सेन्सिटिव्हिटी काही कंपन्या मिलिवॅटमागे देतात, काही व्होल्टमागे, आणि खोक्यावर कधीकधी नुसतंच 'डेसिबल' छापलेलं असतं. एकेजीचा के७०१ व्होल्टला १०५ डेसिबल देतो. वाचून वाटतं, डीटी ८८० पेक्षा बराच सोपा असणार. पण तो ६२ ओहमचा आहे. हिशेब केला तर मिलिवॅटला ९३ च येतात, म्हणजे डीटी ८८० पेक्षा तीन डेसिबल कमी. तीन डेसिबल कमी म्हणजे ताकद दुप्पट लागणार. एकक बघितल्याशिवाय दोन हेडफोनांची तुलना करूच नये.

ॲम्पच्या जाहिरातीतही हीच गंमत. '३२ ओहमला ५०० मिलिवॅट' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चार व्होल्ट. ३०० ओहमवर व्होल्टेज तेवढंच राहिलं तर मिलिवॅट उरतात ५३. आकडा केविलवाणा दिसतो, पण एचडी ६५० ला १७ च हवेत, त्यामुळे चिंता नाही. ५० ओहमवर त्याच चार व्होल्टचे ३२० मिलिवॅट होतात आणि एचई-६ साठी ते थोडे कमीच पडतात. तुम्ही काय ऐकता यावरही थोडं अवलंबून आहे. हल्लीची चित्रपटगीतं मुळातच मोठ्या आवाजात मास्टर केलेली असतात, तिथे कमी ताकदीचा ॲम्पही खपून जातो. मैफलीचं हलक्या पातळीवरचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं की त्याच ॲम्पचं बटण शेवटाला टेकतं.

गोंधळात भर घालायला ओहमचा आणखी एक आकडा आहे, ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स. ॲम्पचं व्होल्टेज या ओहममध्ये आणि हेडफोनच्या ओहममध्ये वाटलं जातं. तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. एचडी ६५० चा इम्पीडन्स सगळीकडे ३०० नसतो, खालच्या स्वरांत तो ५०० च्या आसपास चढतो. १२० ओहम आउटपुटच्या ॲम्पवर त्यामुळे बास साधारण एक डेसिबलने फुगतो. काहींना तो ऊबदारपणा आवडतो, ट्यूब ॲम्पवाल्यांना (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे ॲम्प) विशेषच. प्लॅनरचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असल्याने तिथे सूर बदलत नाही, नुसता आवाज कमी होतो.

दुसऱ्या टोकाला शुअरचा एसई८४६ हा इअरफोन आहे: ९ ओहम, मिलिवॅटला ११४ डेसिबल. ताकद त्याला नावालाच लागते. दणकट टेबल ॲम्पला जोडलात तर आलापाआधीच्या शांततेत, तानपुऱ्यामागे, ॲम्पचीच सूं ऐकू येते. बटण जरा हलवलं की आवाज कानठळ्या बसवतो, आणि अगदी सुरुवातीच्या त्या टप्प्यात साध्या बटणांचे डावा-उजवा कान सारखे वाजत नाहीत. लो गेनचा, म्हणजे ॲम्प आवाज कमी पटीने वाढवेल असा, खटका असेल तर तो आधी दाबा. नाहीतर एक ओहमच्या आसपास आउटपुट असलेला साधा डोंगल इथे त्या महागड्या ॲम्पपेक्षा सरस वाजतो.