घाव जुना की आजार नवा? गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर आतड्याच्या निदानाची पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाचा कर्करोग उलटला, त्यावर उपचार झाले आणि काही महिन्यांनी जुलाब, शौचातून रक्त किंवा पोटात कळा सुरू झाल्या, की डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो: हा रेडिएशनचा जुना घाव, नव्या औषधाचा परिणाम, की कर्करोगच आतड्यात शिरलाय? हा प्रश्न एका दिवसात इतका अवघड झालेला नाही. उपचारांच्या प्रत्येक पिढीने त्यात एकेक शक्यता वाढवली.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यांच्यामुळे पोट बिघडल्याची नोंद १८९७ मध्येच झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गर्भाशयमुखाशी रेडियम ठेवून उपचार होऊ लागले आणि गुदाशय त्याच्या माऱ्यात आला. तिथे अंतर फारच थोडे असते. योनीमार्ग आणि गुदाशय यांच्यामध्ये एक पातळ पडदा, एवढेच. म्हणून रेडियमच्या नळ्यांमागे गॉज ठासून भरत, जेणेकरून गुदाशय जरा मागे सरकेल. १९३८ मध्ये मँचेस्टर पद्धतीने डोस मोजण्यासाठी ठरावीक बिंदू दिले आणि मात्रेला शिस्त आली. तरीही रेडिएशनने बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडतात आणि रक्त न मिळालेले आतडे कडक, नाजूक होत जाते. हे कधी सहा महिन्यांत दिसते, तर कधी वीस वर्षांनी. त्यामुळे ‘रेडिएशन तर केव्हाच संपलं’ म्हणून ही शक्यता सोडून देणे चूकच.

१९४८ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी पुन्हा उद्भवलेल्या रोगासाठी ओटीपोटातले अवयव एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिच्याबरोबर आतड्याचे जोड सुटणे, आतडे चिकटून अडणे हेही आले. पुढे सीटी, एमआरआय आणि पेट स्कॅनमुळे आतले दिसू लागले, पण रेडिएशनने झालेला व्रण आणि परतलेली गाठ यांतला फरक स्कॅनवरही नेहमी स्पष्ट होत नाही.

मोठे वळण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचे. पुन्हा उद्भवलेल्या किंवा पसरलेल्या रोगात केमोबरोबर बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १३.३ वरून १७ महिन्यांवर गेल्याचे दिसले. पण हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, आणि रेडिएशनने आधीच उपाशी असलेल्या आतड्याला भरून यायला त्याच लागतात. त्या चाचणीत आतडे आणि योनीमार्ग यांच्यात फिस्टुला, म्हणजे आरपार वाट, ८.३ टक्के रुग्णांत पडली. औषधाविना हे प्रमाण ०.९ टक्के होते. ज्यांना असा फिस्टुला झाला, त्या सगळ्यांनी आधी ओटीपोटावर रेडिएशन घेतले होते. म्हणून हे औषध चालू असताना अचानक तीव्र पोटदुखी झाली, तर आतड्याला भोक पडले असेल असे धरूनच आधी सीटी करावा लागतो. दुर्बीण घालायची घाई करायची नाही.

नंतर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारी औषधे आली, आणि तिच्यासोबत रोगप्रतिकारशक्तीनेच आतड्याला आणलेली सूज. इथे बायोप्सीचा पेच पडतो. रेडिएशनच्या घावात गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर फिकट अस्तर आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल वाहिन्या दिसतात. हात सहज तिथेच तुकडा घ्यायला जातो, पण ती जखम भरत नाही आणि फिस्टुला होऊ शकतो. इम्युनोथेरपीच्या सुजेत मात्र बायोप्सी हवीच, अगदी अस्तर साधे दिसले तरी. मग ती रेडिएशनच्या टापूपासून दूर, मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातून घ्यायची. त्याआधी जंतुसंसर्ग नाही ना, हे शौचाच्या तपासणीतून पाहायचे.

मला सर्वांत जास्त खुपते ते जुलाबांचे. बाया ते वर्षानुवर्षे सोसतात, कारण विचारत कुणी नाही आणि सांगायला लाज वाटते. खरे तर त्यामागे पित्तक्षार (पचनासाठी पित्तातून येणारे क्षार) नीट शोषले न जाणे किंवा लहान आतड्यात जंतू माजणे अशी बरी होणारी कारणे निघतात. लक्षणे एकेक करून ठरावीक क्रमाने तपासली तर रुग्णांचा त्रास खरोखर कमी होतो, हे २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिट’ चाचणीने दाखवले. त्या क्रमाची सुरुवात साध्या प्रश्नांनी होते: दिवसातून किती वेळा जावे लागते, रात्री उठावे लागते का, कपडे खराब होतात का.