वहीतला शब्द, डोक्यातला शब्द

साताऱ्यात राजवाड्याच्या परिसरातील एका अभ्यासिकेत माझी भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्याकडे दोनशे पानी एक वही आहे. प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोजचे पंचवीस शब्द आणि तेही वर्णानुक्रमाने. गेल्या पावसाळ्यात तिने ती वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, काल रात्री सगळे पाठ होते. आज सकाळी निम्मेही येत नाहीत." मी मधूनमधून शब्द विचारू लागलो. ‘अ‍ॅबेट’ विचारले की ती ‘अ‍ॅबडिकेट’चा अर्थ सांगे आणि ‘अ‍ॅबडिकेट’ विचारले की गप्प बसे. ‘एफेमरल’ला मात्र तिने ताडकन ‘क्षणभंगुर’ असे उत्तर दिले आणि वाक्य करायला सांगितल्यावर लिहिले, की प्राचार्यांनी एफेमरल भाषण केले. छोटेखानी भाषणाला मराठीत तरी कोणी क्षणभंगुर म्हणते का, असे विचारल्यावर तिला हसू आले.

तिची स्मरणशक्ती चांगली आहे. गफलत वहीच्या मांडणीत होती. ती वही शब्द शोधण्यासाठी सोयीची होती, पण मेंदूत शब्द ज्या रीतीने टिकतो त्या रीतीशी तिचा काहीही संबंध नव्हता.

आदल्या रात्री येणारे शब्द सकाळी का येत नाहीत, या प्रश्नाचे पहिले मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रयोगाला माणूस एकच होता, तो स्वतः. ओळखीच्या शब्दांना आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या बिनचूक येईपर्यंत पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजले. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के. विस्मरणाची घसरण सुरुवातीला तीव्र असते आणि पुढे मंदावते, हे यातून दिसलेच. परंतु मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. महिना उलटल्यावर एकही अक्षरगट आपणहून आठवत नसला, तरी पुन्हा पाठ करण्याचे श्रम पाचव्या हिश्शाने वाचत होते. ‘विसरला’ असे आपण ज्या शब्दाबद्दल म्हणतो तो बहुधा पूर्णपणे पुसला गेलेला नसतो. त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी बुजलेली असते.

ही वाट मोकळी कशी ठेवायची, याचे उत्तर शोधताना एक प्रयोग फार बोलका ठरला. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकवले. ‘माशुआ’ म्हणजे होडी, अशा जोड्या. एखादी जोडी एकदा बरोबर आली, की तिचे पुढे काय करायचे याबाबतीत विद्यार्थ्यांचे चार गट होते. काहींनी ती वाचायचीही आणि स्वतःला विचारायचीही, काहींनी वाचणे सोडून फक्त विचारत राहायचे, काहींनी विचारणे सोडून फक्त वाचत राहायचे आणि काहींनी दोन्ही सोडायचे. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा विचारत राहिलेल्या दोन्ही गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, तर विचारणे सोडलेल्या दोन्ही गटांना जेमतेम एक तृतीयांश. पाठ झालेल्या जोड्या पुन्हा पुन्हा वाचल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. आठवड्यानंतर आपल्याला किती शब्द येतील, असा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता. चारही गटांनी साधारण निम्मे असे उत्तर दिले होते. कोणती पद्धत उपयोगी पडते हे ती वापरणाऱ्यालाही आतून जाणवत नाही. उजव्या रकान्यावर नजर फिरवताना शब्द ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. गल्लीत रोज दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येतो, नाव विचारले की पंचाईत होते, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून भाचीला मी पहिल्यांदा एवढेच सांगितले, की उजवा रकाना पट्टीने झाक, अर्थ आधी मनातून काढ आणि मगच पट्टी सरकव. चुकले तरी हरकत नाही. आठवण्यासाठी केलेली धडपड वाया जात नाही, मात्र चुकल्यानंतर बरोबर उत्तर लगेच पाहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न अंतराचा. एकाच रात्री दहा वेळा म्हटलेला शब्द आणि दहा आठवड्यांत दहा वेळा आठवलेला शब्द यांत श्रम सारखेच, पण टिकाऊपणा फार वेगळा. याचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास एका कुटुंबाने केला आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरी बॅरिक, त्यांची पत्नी आणि दोन मुली अशा चौघांनी परभाषेतील प्रत्येकी ३०० शब्द ठरावीक अंतराने शिकले आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत स्वतःची परीक्षा घेतली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या आणि १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्या यांचे फळ जवळपास सारखे निघाले. अंतर वाढवल्यावर शिकताना त्रास अधिक होतो, शब्द अर्धवट विसरलेला असतो. पण त्या अर्ध्या विसरण्यातून तो पुन्हा वर काढावा लागतो, म्हणूनच तो पक्का होतो. परीक्षा काही आठवड्यांवर असेल तर उरलेल्या काळाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके आणि वर्षावर असेल तर त्याहून बऱ्याच कमी प्रमाणात, म्हणजे दोन-तीन आठवड्यांचे, अंतर ठेवावे असे पुढच्या प्रयोगांतून दिसते.

यात झोपेचाही वाटा आहे. अस्तित्वात नसलेले, पण ओळखीच्या शब्दांशी उच्चाराने मिळतेजुळते असे बनावट शब्द लोकांना शिकवून निकोला ड्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००७ मध्ये असे दाखवले, की नवा शब्द जुन्या शब्दांच्या जाळ्यात शिरून त्यांच्याशी स्पर्धा करू लागतो तो मध्ये एक झोप झाल्यानंतर; तेवढेच बारा तास जागेपणी गेले तर हा परिणाम दिसत नाही. मेंदूच्या आतल्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरती नोंद होते आणि मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, ती सावकाश मुरते, या विचाराशी हे जुळते. रात्री दोनपर्यंत जागून शब्द घोकणाऱ्या मुलामुलींना अभ्यासिकेत कौतुकाने पाहिले जाते, ते मला अजिबात पटत नाही.

मात्र जे शब्द आपण एवढ्या कष्टाने टिकवणार, ते निवडायचे कसे, याचा विचार फारसा होत नाही. इंग्रजीचे शब्द लाखांच्या घरात असले तरी त्यांचा वापर अत्यंत विषम असतो. मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि उरलेला प्रचंड साठा क्वचित डोकावतो. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबाप्रमाणे इंग्रजी वृत्तपत्र किंवा कादंबरी कोशाची मदत न घेता वाचण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुले माहीत असावी लागतात. शब्दकुल म्हणजे ‘नेशन’, ‘नॅशनल’, ‘नॅशनॅलिटी’ असे एकाच घरातले शब्द. त्याच देशातील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विविध विद्याशाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन तपासून ५७० शब्दकुलांची एक यादी केली. अगदी नित्याचे दोन हजार शब्द वगळल्यानंतर या ५७० कुलांनीच शैक्षणिक लेखनाचा सुमारे १० टक्के भाग व्यापलेला असतो. त्यात ‘डिराइव्ह’, ‘इन्फर’, ‘कोहेरंट’, ‘हायपॉथिसिस’ असे शब्द आहेत. रुबाबदार म्हणावा असा त्यांत एखादाच. आपल्याकडे प्रगत शब्दसंग्रह म्हणजे समोरच्याला कळू नये असा शब्द, अशी समजूत आहे. ‘व्हेअरअ‍ॅज’ नेमका वापरता येणारा विद्यार्थी माझ्या मते दहा दुर्मीळ विशेषणे पाठ असणाऱ्यापेक्षा पुढे आहे.

मार्गदर्शक पुस्तकांत समानार्थी शब्दांचे घोसही असतात. ‘फ्रूगल’, ‘थ्रिफ्टी’, ‘पार्सिमोनियस’, ‘स्टिंजी’ हे चारही एकाच दिवशी शिकावेत, असे त्यांचे म्हणणे. प्रयोग याच्या उलट सांगतात. टॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये दाखवले, की अर्थाने एका जातीचे नवे शब्द एकत्र शिकायला असंबद्ध शब्दांपेक्षा अधिक फेऱ्या लागतात, कारण ते एकमेकांत मिसळतात. मराठीत काटकसरी आणि कंजूष यांतला फरक आपल्याला कोणी यादी देऊन शिकवला नाही. वेगवेगळ्या माणसांच्या संदर्भात, वेगवेगळ्या वेळी ते शब्द कानांवर पडले. त्या चौघांपैकी एक पक्का झाल्यावर महिन्याने दुसरा घ्यावा, म्हणजे तुलना उपयोगी ठरते. वर्णानुक्रमाने शेजारी बसलेल्या ‘अ‍ॅबेट’ आणि ‘अ‍ॅबडिकेट’ यांची गल्लतही मला याच जातीची वाटते.

शब्दाला मेंदूत जितक्या खुंट्या मिळतील तितका तो सहज सापडतो आणि इथे मराठी विद्यार्थी मुळीच दुबळा नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असे प्रतिपादन केले, त्याचा फायदा आपल्याला आजही घेता येतो. दंत आणि ‘डेंटल’, पाद आणि ‘पेडल’, मृत आणि ‘मॉर्टल’ ही एकाच कुळातली भावंडे. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’मध्ये आपला ‘ज्ञा’ धातू लपलेला आहे आणि खुद्द ‘व्होकॅब्युलरी’ हा शब्द वाक् या शब्दाचा नातलग आहे. शिवाय उपसर्गांचा खेळ आपण शाळेतच शिकलेला असतो. ‘फोटोसिंथेसिस’ला प्रकाशसंश्लेषण म्हणताना मूळ ग्रीक शब्दाचे तुकडे जवळजवळ एकास एक मराठीत आणलेले आहेत. याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, तेव्हा अशा परिभाषेचा केवढा तरी विचार झाला. तो साठा उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीकडे जाण्यासाठीही वापरता येतो. अर्थात साम्य दिसले की नाते जोडायची घाई करू नये. ‘डे’ आणि दिवस हे दिसायला सख्खे वाटतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत.

तरीही मूळ कळले म्हणजे शब्द आला असे होत नाही, हे प्राचार्यांच्या भाषणावरून दिसलेच. लंडनमध्ये अध्यापन करणारे आणि त्याआधी काही वर्षे लाहोरला शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचा आग्रह असे, की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. झोप गाढ असते, धुके दाट, झाडी गर्द आणि थंडी कडाक्याची; गर्द झोप किंवा गाढ थंडी असे म्हटले तर अर्थ कळेल, पण बोलणारा परका वाटेल. इंग्रजी शब्दांचीही अशीच सोयरीक असते आणि ती अर्थाच्या रकान्यात मावत नाही, त्यासाठी वाचनच हवे. वाचनाचा वेग मात्र संथ असतो: अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार सहज वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ शब्दांचा अर्थ थोडाफार पदरात पडतो. म्हणून दोन्ही लागते, ठरवून केलेली उजळणी आणि भरपूर वाचन.

सप्टेंबरात आम्ही कासच्या पठारावर गेलो. साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. जांभ्या दगडावर वीतभरही माती नाही. पावसाबरोबर उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि माती सुकण्याआधी संपून जायचे, असा तिथल्या कित्येक वनस्पतींचा क्रम. अशा पठारांवरील या अल्पजीवी वनस्पतींना वनस्पतिशास्त्रात ‘एफेमरल’ म्हणतात, हे सांगितल्यावर भाची सीतेच्या आसवांच्या निळ्या-जांभळ्या ताटव्यापाशी थांबली. ग्रीकमध्ये ‘हेमेरा’ म्हणजे दिवस आणि ‘एपि’ म्हणजे वर. एका दिवसापुरते ते एफेमरल. ‘एपिडेमिक’मधला ‘एपि’ हाच का, असे तिने आपणहून विचारले. तोच, आणि त्यातला ‘डेमॉस’ म्हणजे लोक, जो ‘डेमॉक्रसी’तही आहे आणि प्रदेशनिष्ठ वनस्पतींना लावल्या जाणाऱ्या ‘एन्डेमिक’ या शब्दातही. परतताना तिच्याकडे चार शब्द होते आणि त्यांतला एकही तिने घोकलेला नव्हता.

आता ती वही कपाटात आहे. तिच्या जागी कंदी पेढ्यांचे पाच रिकामे खोके आले आहेत. सेबास्टियन लाइटनर या विज्ञानप्रसारकाने १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे: कार्डाच्या एका बाजूला रिकामी जागा सोडलेले वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द, बरोबर आले की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकले की थेट पहिल्यात. पहिला खोका रोज उघडायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा तीन आठवड्यांनी आणि पाचवा दोन महिन्यांनी. मोबाइलवरील अ‍ॅप हेच काम अधिक काटेकोरपणे करतात, परंतु तिला हाताने कार्ड सरकवण्यात गंमत वाटते आणि मोबाइल हातात घेतला की काय होते हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ‘एफेमरल’चे कार्ड चौथ्या खोक्यात पोहोचले आहे. ‘अ‍ॅबेट’ अजून पहिल्यातच आहे.