भुशीच्या पायऱ्या आणि पाझर तलावाची भिंत

लोणावळ्याचा भुशी डॅम सगळ्यांना पाठ आहे. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलेली दगडी भिंत, तलाव भरला की पायऱ्यांवरून पाणी, पाण्यात माणसं आणि हातात कणसं. घोळ पुढे होतो. हीच मंडळी पावसाळ्यात एखाद्या गावच्या पाझर तलावावर, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवायला बांधलेल्या तलावावर येतात आणि विचारतात, "इथं भिंतीवरून पाणी कधी पडतं?"

पडत नाही. पडलं तर पळायचं.

भुशीची भिंत दगडाची, वरून पाणी जाऊ देण्यासाठीच बांधलेली. पाझर तलावाची भिंत म्हणजे मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव. पाण्याच्या बाजूला लाटांचा मार सोसायला दगडांचं पिचिंग, म्हणजे रचून बसवलेला थर असतो, पण मागच्या उतारावर फार तर गवत. माथ्यावरून पाणी सांडलं की ते हाच मागचा उतार खरवडतं. घळ पडते, घळ माथ्याकडे चढते, आणि एकदा माथा कापला गेला की कुणाच्या बापाला ते आवरत नाही. पानशेतला १२ जुलै १९६१ रोजी भिंत आधी खचली, मग वरून पाणी गेलं. त्या दिवशी पुण्यात काय झालं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मातीच्या भिंतीच्या टोकाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट असते, माथ्यापेक्षा बराच खाली, शक्यतो मूळच्या कठीण जमिनीत खोदलेली. 'तलाव ओव्हरफ्लो' अशी बातमी येते तेव्हा वाहत असतो तो सांडवा. भिंतीचा माथा कोरडाच असतो आणि असायलाच हवा. ती मोकळी उंची मुसळधार पावसासाठी राखलेली असते. तरी कुणीतरी पोहायला जास्त पाणी हवं म्हणून सांडव्यात वाळूची पोती रचतोच. अशा माणसाला गावाने तिथल्या तिथे पोती उचलायला लावावीत.

बाकी फरक किरकोळ. भुशीला पार्किंग मिळत नाही, इथं चहा मिळत नाही.

हां, गळतीचं मात्र बघा. मातीची भिंत थोडी झिरपतेच. पायथ्याच्या दगडांतून नितळ पाणी येत असेल तर घाबरू नका. गढूळ यायला लागलं तर आतली माती वाहून चाललीय, लगेच ग्रामपंचायतीला कळवा. चिपळूणजवळच्या तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून ओरडत होते. जुलै २०१९ मध्ये ते फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली, आणि खापर फोडलं खेकड्यांवर.

भिंतीवर मोटारसायकली नेऊ नका. चाकांनी चर पडतात, त्यात पावसाचं पाणी मुरतं. डबा खायला तलावाच्या वरच्या अंगाची झाडं बघा. तिथून डोंगरही चांगला दिसतो.