टिपणातला लंब

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बांधावरून भाऊबंदांत वाद झाला की वडीलधारी माणसं पहिल्यांदा विचारतात, "टिपण काढलंय का?" टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबरची जुनी मोजणी. शेतातून आरपार गेलेली एक मुख्य रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना काटकोनात काढलेल्या आखूड रेघा आणि त्यांवर बारीक अक्षरात आकडे. सर्व्हेच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण बिंदूपासून रेषेवर लंब टाकतो, तेव्हा हीच आकृती पडद्यावर उमटते.

ही रीत आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीबरोबर आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास इंदापुरात ती सुरू केली, 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले आणि धारवाड-बेळगावचा मुलूखही त्याच पद्धतीने मोजला गेला. साखळी 33 फुटांची, म्हणजे गंटरच्या 66 फुटी साखळीच्या निम्मी. तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आज चंदगडचा सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे, खानापूरचा उतारा एकर-गुंठ्यात. टिपणांची घडण मात्र दोन्हीकडे एकच.

टिपणावर 5 साखळ्या 8 आणे आणि डावीकडे 2 साखळ्या 4 आणे असं लिहिलेलं असेल, तर रेषेच्या सुरुवातीच्या दगडापासून 181.5 फूट चालायचं आणि तिथून काटकोनात डावीकडे 74.25 फूट जायचं. शेताचा कोपरा तिथे. हा काटकोन मोजणीदार शेतातच धरायचा. क्रॉस स्टाफच्या एकमेकींना काटकोनात असलेल्या फटींतून एकदा रेषेकडे, एकदा कोपऱ्याकडे बघायचं, आणि दोन्ही जुळेपर्यंत साखळीवर मागेपुढे सरकायचं. नजर एका अंशाने चुकली तरी एवढ्या अंतरावर कोपरा सव्वा फुटाहून जास्त सरकतो. म्हणून लंब शक्य तितके आखूड ठेवायचे.

यामागचं गणित आपल्याकडे फार जुनं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) पाया 14 आणि बाजू 13 व 15 असलेला त्रिकोण आहे. वरच्या टोकातून लंब टाकला की पायाचे 5 आणि 9 असे दोन तुकडे पडतात आणि लंब येतो 12. त्या तुकड्यांना तिथे 'आबाधा' म्हटलं आहे. काटकोन धरायचं साधन हाताशी नसेल, तर दोन्ही टोकांपासूनची अंतरं टेपने मोजून लंबाचा पाया, म्हणजे लंब रेषेला मिळतो ती जागा, आजही याच हिशेबाने काढता येतो.

टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर एकत्र मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आल्यावर काटकोन शेतातून कचेरीत आला. आता बिंदू कुठूनही मोजतात, त्याचे निर्देशांक मिळतात, लंब नंतर हिशेबाने काढतात. समजा, रेषा सुरुवातीपासून 80 मीटर पूर्वेला आणि 60 मीटर उत्तरेला जाते, म्हणजे लांबी 100. बिंदू आहे 50 पूर्वेला, 50 उत्तरेला. 80 गुणिले 50 अधिक 60 गुणिले 50, भागिले 100: उत्तर 70. लंबाचा पाया 70 मीटरवर, आणि बिंदू रेषेच्या डावीकडे 10 मीटर. हे उत्तर शून्याखाली किंवा 100 च्या वर गेलं, तर लंब रेषेच्या टोकापलीकडे पडतो. सॉफ्टवेअरच्या काही आज्ञा तिथे रेषा मनानेच वाढवतात, काही जवळच्या टोकाला चिकटतात. आपली कोणती आहे ते आधी बघावं.

उंचीचं दुखणं याहून वाईट, कारण ते दिसत नाही. खानापूरच्या डोंगरउतारावर रेषेच्या दोन टोकांत पाच-सात मीटरचा फरक सहज असतो. उंचीसकट काढलेल्या रेषेवर तिन्ही मितींत लंब टाकला तर त्याचा पाया नकाशातल्या लंबाच्या पायाशी जुळत नाही. टिपणातली अंतरं आडव्या पातळीवरची असतात. म्हणून उंची शून्य करून, सपाट नकाशावरच लंब टाकावा.

मी जुनी टिपणं संगणकावर चढवतो तेव्हा पहिला वेळ जातो तो मुख्य रेषेच्या दोन टोकांचे दगड शोधण्यात. एक दगड नांगरटीत हलला असेल आणि रेषा 120 मीटरवर अर्धा मीटर फिरली असेल, तर प्रत्येक लंब पडद्यावर अचूक 90 अंशांत दिसतो आणि शेजाऱ्याचा बांध मात्र चुकतो.