उत्क्रोश

संस्कृतातील एक पक्षिनाम. याच शब्दाचा दुसरा अर्थ मोठ्याने केलेली ओरड किंवा आक्रंदन. अमरकोशात (इ. स. सुमारे ४ थे ते ६ वे शतक) ‘उत्क्रोशकुररौ समौ’ असे म्हणून उत्क्रोश आणि कुरर ही एकाच पक्ष्याची नावे ठरवली आहेत. मराठीत उत्क्रोश रुळला नाही, आक्रोश रुळला.

दोन्हींचा धातू क्रुश्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, त्याचे अर्थ ‘आह्वाने रोदने च’, म्हणजे हाक मारणे आणि रडणे, असे दिले आहेत. हाक पोचेल तेवढे अंतर तो क्रोश, आपला कोस. ओरडणारा तो क्रोष्टा. ‘कोल्हा’ हा शब्दही बहुधा त्यातूनच आला. पाणिनीच्या सूत्रांत आक्रोश येतो तो शिव्याशाप, निंदा या अर्थाने. मराठीत तो शोकाकडे वळला. ‘जनआक्रोश मोर्चा’त त्याला गाऱ्हाण्याचाही अर्थ आला आहे.

पक्षी नेमका कोणता, याबद्दल मतभेद आहेत. बहुतेक कोशांत कुरर म्हणजे ऑस्प्रे, हा मासे पकडणारा शिकारी पक्षी, असे मानले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक असलेला कुरर मांसाचा तुकडा घेऊन उडतो, बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात आणि तुकडा टाकल्यावरच त्याला स्वस्थता लाभते. या वर्णनाला शिकारी पक्षीच जुळतो. परंतु ऑस्प्रे आपल्याकडे, उदाहरणार्थ उजनीच्या जलाशयावर, हिवाळी पाहुणा म्हणून येतो आणि त्या काळात फारसा ओरडत नाही. काव्यातली कुररी तर सतत विलाप करणारी. रघुवंशात लक्ष्मण सोडून गेल्यावर सीता ‘चक्रन्द विग्ना कुररीव भूयः’, म्हणजे घाबरलेल्या कुररीसारखी पुन्हा आक्रंदू लागते. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्णाच्या राण्या कुररीला विचारतात, तुला झोप नाही, तू का विलाप करतेस? विक्रमोर्वशीयाच्या आरंभी अप्सरांचा आर्त स्वर आकाशातील कुररींच्या आवाजासारखा वाटतो. नदीतल्या वाळूच्या बेटांवर वसाहतीने घरटी करणारे सुरय (इंग्रजीत टर्न) पक्षी कुणी जवळ आले की थव्याने वर उठून कर्कश ओरडू लागतात. हिंदीतही कुररी हे नाव सुरयांनाच आहे. त्यामुळे काव्यातली कुररी सुरय आणि दृष्टांतातला कुरर शिकारी पक्षी, असे दोन पक्षी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमरकोशातला उत्क्रोश यांपैकी कोणता, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही.

मराठीत दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंच्या प्रचलित यादीत कुरराच्या जागी टिटवी येते आणि तिच्या चोचीत मासा असतो. टिटवी प्रामुख्याने किडे खाते, मासे पकडत नाही. पण ती रात्रीही ओरडते आणि ते ओरडणे लोक अशुभ मानतात. नावाची ही अदलाबदल आवाजावरून झाली असावी.