कॉलेजला गेलं की गर्भाशय खुरटतं म्हणे!

बुद्धिबळाचे ग्रँडमास्टर नुसते बसून दिवसाला 6000 कॅलरी जाळतात असा एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत येतो. वाचायला भारी वाटतं, पण थाप आहे. आणि डोकं चालवायला शरीरातली प्रचंड शक्ती खर्ची पडते याच समजुतीच्या जोरावर एकेकाळी मुलींना कॉलेजच्या दारात अडवलं गेलंय.

बाकीच्या लोकांना कॉलेजात अडवायची कारणं तरी उघड होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये 1871 चा कायदा येईपर्यंत पुढची पदं मिळवताना अँग्लिकन चर्चचा नसलेल्याला धर्म आडवा यायचा, विषय संपला. मुलींसाठी मात्र थेट फिजिक्स कामाला लावलं. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही हा नियम तेव्हा अगदी ताजा होता, तो उचलून हार्वर्डचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी 1873 मध्ये पुस्तक लिहिलं की शरीराकडे शक्ती ठरावीकच असते, वयात येताना मुलींची ती गर्भाशय आणि अंडाशयाच्या वाढीला लागते, त्याच वयात त्या मुलांसारखा अभ्यास करत बसल्या तर सगळं मेंदूकडे जाणार आणि हे अवयव अर्धवट राहणार. पुरावा काय, तर मोजक्या पेशंटच्या कहाण्या. मग कारखान्यात राबणाऱ्या मुलींचं काय? तर त्या मेंदू कमी वापरतात, म्हणून त्यांना त्रास कमी! वा रे वा.

आता मेंदूचा खर्च खरंच बघू, कारण मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. मेंदू शरीराच्या वजनाच्या 2 टक्के, पण आपण स्वस्थ पडलेलो असताना जी ऊर्जा लागते तिच्यातला जवळपास 20 टक्के वाटा एकटा खातो, म्हणजे साधारण 20 वॉट. यातला मोठा भाग जातो सोडियम-पोटॅशियम पंपावर. न्यूरॉनच्या (मेंदूतल्या सिग्नल नेणाऱ्या पेशीच्या) आत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त ठेवावं लागतं, सिग्नल गेला की सोडियम आत घुसतं, मग पंप एटीपीचा (पेशीच्या इंधनाचा) एक रेणू मोडून 3 सोडियम आयन बाहेर फेकतो आणि 2 पोटॅशियम आत ओढतो, म्हणजे दर फेरीला एक धन प्रभार जास्तीचा बाहेर जातो आणि पेशीच्या पडद्यावरचं व्होल्टेज टिकायला त्याचाही थोडा हातभार लागतो. हे झोपेतही चालूच. फ्रिज जसा उघडा न उघडा, वीज खातच राहतो तसं. गणित सोडवताना एखाद्या भागातले न्यूरॉन जास्त फायर झाले की ग्लूटामेट या निरोप्या रसायनामुळे नायट्रिक ऑक्साइड वगैरे सुटतं, तिथल्याच बारीक धमन्या रुंदावतात आणि रक्त वाढतं ते तेवढ्याच भागात (एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतं ते हेच). अख्ख्या मेंदूचा खर्च फार तर काही टक्क्यांनी हलतो. 1955 मध्ये सोकोलॉफ आणि केटी यांच्या टीमने लोकांना मनातल्या मनात आकडेमोड करायला लावून मोजलं, तर मेंदूचा एकूण ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसलाच नाही. तेव्हा बीजगणिताने गर्भाशयाचं रक्त पळवायचा प्रश्नच नाही, आणि 'मेंदूची बॅटरी चार्ज' करणाऱ्या पावडरी विकणाऱ्यांनीही हे जरा वाचावं.

पण क्लार्कना उत्तर मिळायला 1955 पर्यंत थांबावं लागलं नाही. मेरी पुटनम जॅकोबी या डॉक्टर बाईंनी (आपल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तिथल्याच या आधीच्या विद्यार्थिनी) सरळ मोजमाप केलं. 268 बायकांची प्रश्नावलीतून माहिती घेतली, काही जणींच्या नाडीचे ठोके महिनाभराच्या चक्रात स्फिग्मोग्राफ या नाडी नोंदवणाऱ्या यंत्राने कागदावर उतरवले, स्नायूंची ताकद तपासली. निष्कर्ष असा, की खाणंपिणं नीट असलेल्या बाईला पाळीच्या दिवसात सक्तीची विश्रांती लागते याला शरीरशास्त्रात काहीच आधार नाही. पुढे 1885 मध्ये अमेरिकेतल्या 705 पदवीधर बायकांच्या तब्येतीचा सर्व्हे झाला, त्यातही बहुतेक जणी ठणठणीत निघाल्या.

हे मोजमाप मांडणारा जॅकोबींचा निबंध स्पर्धेत निनावी गेला होता आणि 1876 चं बॉइल्स्टन प्राइझ त्याला मिळालं, ते देणारं हार्वर्डच. त्यांच्या मेडिकल स्कूलने मुलींना प्रवेश दिला 1945 मध्ये.